पडद्यापासून पेटीपर्यंत

आजच्या विषयाचे नाव 'घरगुती नेटवर्क स्टोरेज' असे असले, तरी मला बोलायचे आहे ते फोर-के चित्रण घरातल्या घरात न अडखळता पाहण्याबद्दल. कारण घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्या फाइली साठवणारी ही पेटी, म्हणजे नॅस, आपल्यापैकी बहुतेक जण त्याच कामासाठी घेतात. बेळगाव शहरात आणि खानापूर, चिकोडी, निपाणी या बाजूंना मी बरीच वर्षे लग्नांचे आणि गावच्या यात्रेतील नाटकांचे चित्रीकरण करतो आहे. पूर्वी काम संपले की डीव्हीडी हातात देत असू. आता हार्ड डिस्क देतो, आणि आठ दिवसांत फोन येतो, "चित्र मध्येच थांबालंय की ओ." पुढचा उपायही त्यांनीच ठरवलेला असतो: चार खणांची, म्हणजे चार डिस्क मावणारी, मोठी नॅस पेटी घ्यायची. अशा कितीतरी घरांत जाऊन पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की चित्र पेटीत क्वचितच अडते. म्हणून निवड करताना पडद्यापासून सुरुवात करावी आणि मागे मागे येत पेटीपर्यंत पोहोचावे.

आधी थोडा हिशेब करू. माझा कॅमेरा फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंदवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि तासाला ४५ गीगाबाइट. फोर-के ब्लू-रे चकतीचा कमाल दर १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट आहे. याउलट साडेतीन इंची साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते, आणि गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिटच्या, केबलमधून प्रत्यक्षात ११० मेगाबाइटच्या आसपास जातात. एका डिस्कला आणि एका केबलला घरातले दोन-तीन टीव्ही मुळीच जड नाहीत. वेगासाठी चार डिस्क घेणाऱ्याने बिट आणि बाइट यांची गल्लत तर केली नाही ना, हे एकदा तपासावे. दुकानातही ही गल्लत मी अनेकदा ऐकली आहे.

मग चित्र अडते कुठे? पहिली जागा टीव्हीच्या पाठीमागे असते. फोर-के म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी टीव्हींचे, अगदी महागड्या टीव्हींचेही, लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल खोचायची जागा, १०० मेगाबिटचेच असते. त्यातून प्रत्यक्षात ९५ च्या आतच जातात, आणि माझी फाइल मागते १०० किंवा त्याहून थोडे जास्त. केबल जोडूनही चित्र थांबते, तेव्हा लोक पेटीला दोष देतात. राउटर त्याच खोलीत असेल, तर पाच गिगाहर्ट्झचे वायफाय अशा ठिकाणी केबलपेक्षा सरस ठरते.

पण आपल्याकडची घरे तशी नाहीत. शहापूर-वडगावकडची जुनी घरे किंवा खानापूर बाजूची जांभ्या दगडाची घरे आठवून पाहा. दीड-दोन फूट जाडीची एक भिंत पाच गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच शोषून घेते, आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे टीव्ही निमूटपणे २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो. तिथे शेजाऱ्यांचेही वायफाय असते, त्यामुळे वेग सतत वरखाली होतो. अशा घरात मी पहिला खर्च कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल टीव्हीच्या खोलीपर्यंत ओढण्यावर करायला सांगतो. तिथे तिला वायफाय पसरवणारा एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा, किंवा गिगाबिट पोर्ट असलेली स्ट्रीमिंगची वेगळी डबी टीव्हीला जोडावी. हा खर्च एका डिस्कच्या किमतीपेक्षा बहुधा कमीच येतो.

दुसरी जागा आहे फाइलचे स्वरूप, आणि पेटीचा प्रोसेसर खरोखर महत्त्वाचा ठरतो तो इथेच. टीव्हीला फाइल जशीच्या तशी उलगडता आली, तर पेटीचे काम निव्वळ वाढप्याचे असते आणि साधी पेटीही ते करते. टीव्हीला ते जमले नाही, तर पेटीला प्रत्येक क्षणाचे चित्र उलगडून दुसऱ्या स्वरूपात पुन्हा बांधावे लागते. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. चित्र दाबून साठवण्याच्या स्वरूपांपैकी २००३ साली आलेले एच.२६४ जवळजवळ सगळीकडे चालते, २०१३ चे एच.२६५ अलीकडच्या फोर-के टीव्हींवर चालते, आणि २०१८ चे एव्ही-वन मात्र निवडक संचांवरच. ट्रान्सकोडिंग टाळता येणार नसेल, तर क्विक सिंक, म्हणजे हे काम झटपट करणारी खास सोय, असलेला इंटेलचा प्रोसेसर घ्यावा. सातव्या पिढीपासून तो दहा-बिटांचे, म्हणजे जास्त रंगछटांचे, एच.२६५ सुद्धा सांभाळतो. पेटीतून टीव्हीवर चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी जेलीफिनमध्ये ही सोय मोफत आहे, प्लेक्समध्ये तिच्यासाठी पैसे भरावे लागतात.

आपल्या भागात यात एक निराळी भर पडते, ती उपशीर्षकांची. मराठी घरात कन्नड बोलणारी सून किंवा जावई असणे इथे नवे नाही. अशा एका घरासाठी मी गावच्या नाटकाला कन्नड उपशीर्षके दिली, तर टीव्हीवर अक्षरांच्या जागी चौकोन उमटले. टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये कन्नड लिपीचा फॉन्टच नव्हता. काही संचांवर देवनागरीतली जोडाक्षरेही अशीच फुटतात. मग उपशीर्षके चित्रातच कोरून पाठवण्याचे काम पेटीवर पडते, आणि फोर-के चित्राच्या बाबतीत ते फार जड असते. एवढ्यासाठी महागडी पेटी घेण्यापेक्षा संगणकावर रात्रभर लावून कोरीव प्रत एकदाच तयार करून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आता खुद्द पेटीकडे येऊ. बहुतेक घरांना दोन खणांची पुरते. चार टेराबाइटची डिस्क संगणकावर ३.६४ दिसते, त्यात फसवणूक नाही. मोजण्याची रीत वेगळी आहे. तिच्यावर माझ्या कॅमेऱ्याचे सुमारे ८८ तास मावतात. डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची, म्हणजे लेखनाचे पट्टे शेजारी-शेजारी ठेवणारी, आहे का, हे जरूर विचारावे. एसएमआर डिस्कवर लेखनाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. ती वाचायला ठीक असते, पण एक डिस्क बिघडून नवीवर सगळे पुन्हा लिहिण्याची वेळ आली, की तासांचे काम दिवसांवर जाते.

दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवण्याच्या रेड-वन पद्धतीबद्दल माझ्याकडून झालेली चूक इथे सांगितली पाहिजे. खानापूर तालुक्यातल्या एका यात्रेतील नाटकाचे पूर्ण चित्रण मी जागा मोकळी करताना पुसून टाकले. दोन डिस्क आहेत म्हणून मी निश्चिंत होतो. पण आरसाच तो, एकीवरचे पुसले त्याच क्षणी दुसरीवरचेही गेले. त्या नाटकात काम केलेल्या एका वृद्ध नटाचे ते शेवटचे काम होते, आणि त्यांच्या घरी ते सांगायला जाणे मला फार अवघड गेले. फाइलींची त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवणारे स्नॅपशॉट चालू असते, तर ते चित्रण मिनिटाभरात परत मिळाले असते. तेव्हापासून बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल प्रणालींपैकी एक, आणि तिच्यावर रोजचे स्नॅपशॉट, ही सोय नसलेली पेटी मी कोणालाही सुचवत नाही.

वीज जाण्याचा विचारही खरेदीतच करावा. वळवाच्या विजा आणि पुढचा चार महिन्यांचा पाऊस यांत वीज किती वेळा जाते, हे आपण सगळे जाणतो. यूएसबी केबलने पेटीला 'आता बंद हो' असा निरोप देणारा छोटा यूपीएस हवाच, कारण अर्धवट लिहिलेली फाइल चांगल्या डिस्कवरही बिघडते. विजेचा खर्च मोठा नाही: दोन खणांची पेटी १५ ते २० वॅट घेते, म्हणजे महिन्याला ११ ते १४ युनिट.

राहिली दुसऱ्या जागेवरची प्रत. माझी निपाणीला चुलत भावाकडे असते. गणपतीला जाताना नवी भरलेली डिस्क नेतो आणि तिथली जुनी परत आणतो. दिवाळीला पुन्हा तेच. निघण्यापूर्वी भावाच्या टीव्हीवर नव्या डिस्कमधल्या दोन-चार फाइली मधूनमधून लावून पाहतो, आणि त्या नीट चालल्या की मगच बेळगावची गाडी पकडतो.