पहिली सही कोणाची?

(पुण्यात मालिका-लेखक आणि निर्मात्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'कॅनडातील टीव्ही उद्योग' असा छापलाय. तो एका संध्याकाळीत उरकणारा नाही, म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरतो: तिथल्या स्वतंत्र निर्मात्याला मालिका करायला पैसा मिळतो कुठून, आणि तो मिळवताना त्याच्या नाकी नऊ का येतात. मी लेखक नाही, दिग्दर्शकही नाही. टोरांटोत निर्मात्यांचे फायनान्स प्लॅन, म्हणजे पैसा कुठून किती येणार याचे आराखडे, तयार करणं हा माझा धंदा. त्यामुळे कलेबद्दल माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नका.

आधी 'स्वतंत्र' म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे साधारण चाल अशी, की चॅनेल मालिका करायला देतं, दर भागाची रक्कम ठरते आणि हक्क चॅनेलकडे जातात. निर्माता एका अर्थी कंत्राटदार. मालिका दहा वर्षं चालली, चार भाषांत गेली, तरी त्याला मिळायचं ते दर भागाचं. कॅनडात १९९१च्या ब्रॉडकास्टिंग कायद्यातच लिहिलंय की प्रसारणात स्वतंत्र निर्मात्यांचा भरीव वाटा असला पाहिजे. तिथली नियामक संस्था, सीआरटीसी, म्हणते की ज्या कंपनीत चॅनेलची मालकी ३० टक्क्यांपेक्षा कमी, ती स्वतंत्र. चॅनेल फक्त दाखवण्याचा हक्क घेतं, ठरावीक वर्षांसाठी, त्याला लायसन्स फी म्हणतात. कॉपीराइट निर्मात्याचा. ऐकायला छान वाटतं ना? पण मालक नसलेलं चॅनेल मग अख्खा खर्च का देईल? ते देतं एक हिस्सा. उरलेल्या पैशांसाठी निर्मात्याने गावभर फिरायचं.

हे फिरणं कसं असतं ते एका कागदावर दाखवतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून मालिकेचं बजेट १०० डॉलर धरू. आकडे नमुन्याचे आहेत, पण रचना खरी. शूटिंग ओंटारिओ प्रांतात आहे आणि या शंभरातले ५० डॉलर तिथल्या माणसांच्या पगारात जातात. ओंटारिओ सरकार स्थानिक मालिकेला पगाराच्या ३५ टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे कराच्या हिशेबातून परत मिळणारी रक्कम, देतं; इथे साडेसतरा डॉलर. आता केंद्र सरकारचं क्रेडिट, जे १९९५ साली आलं. ते पगाराच्या २५ टक्के, पण पगार धरायचा तो निर्मितिखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंतच. आणि इथे गंमत अशी, की प्रांताने दिलेले साडेसतरा आधी खर्चातून वजा करायचे. उरले साडेब्याऐंशी, त्याचे ६० टक्के साडेएकोणपन्नास, त्याचे २५ टक्के म्हणजे बारा डॉलर आणि वर थोडे सेंट. एका हाताने दिलं की दुसरा हात जरा आखडतो. या वजाबाकीला आमच्याकडे 'ग्राइंड' म्हणतात आणि नव्या निर्मात्याचा पहिला फायनान्स प्लॅन हमखास इथे चुकतो.

दोन्ही मिळून झाले तीस. बाकीच्या सत्तरात समजा चॅनेलची लायसन्स फी तीस, कार्यक्रमांना पैसा देणाऱ्या कॅनडा मीडिया फंडाचे पंचवीस आणि परदेशी विक्रीच्या भरवशावर वितरकाने दिलेले आगाऊ दहा. पाच डॉलर कमी पडतात. ते कुठून येतात? निर्मात्याच्या स्वतःच्या मानधनातून. तो म्हणतो, माझी फी नंतर घेईन. हे 'नंतर' बहुतेक वेळा उजाडत नाही.

शिवाय टॅक्स क्रेडिटचे पैसे हातात येतात ते काम संपल्यावर, कंपनीचं रिटर्न भरल्यावर. त्याआधी कॅव्हको नावाच्या सरकारी कार्यालयाकडून मालिका कॅनेडियन असल्याचा दाखला घ्यायचा, तोही दोन टप्प्यांत: काम चालू असताना 'भाग अ' आणि पूर्ण झाल्यावर 'भाग ब'. स्पॉटबॉयचा पगार तोवर थांबत नाही. म्हणून बँकेकडून मधल्या काळाचं कर्ज काढायचं, त्याचं व्याज पुन्हा बजेटमध्ये धरायचं. मालिका अर्धवट राहणार नाही याची हमी देणारी कंपनी वेगळी, तिची फी वेगळी. पडद्यावर न दिसणारा हा खर्च ऐकून लेखकमंडळी हळहळतात, आणि ते बरोबरच आहे.

कॅनेडियन म्हणजे नक्की काय, तर तिथे गुण मोजतात. निर्माता कॅनेडियन हवाच. त्यापुढे दिग्दर्शकाचे २, पटकथालेखकाचे २, पहिल्या दोन मुख्य कलाकारांचा प्रत्येकी १, कलादिग्दर्शक, छायाचित्रकार, संगीतकार, संकलक यांचा प्रत्येकी १. एकूण १०. दाखल्याला किमान ६ लागतात, आणि मीडिया फंडाने बरीच वर्षं दहापैकी दहाच मागितले. या यादीत एक रकाना नाही, तो म्हणजे कथेचा. गोष्ट कुठे घडते, कोणाबद्दल आहे, याला शून्य गुण. एखाद्या नावगाव नसलेल्या अमेरिकन शहरातली पोलिसांची मालिका पूर्ण कॅनेडियन ठरू शकते. दुसरीकडे हॉलिवूडवाले टोरांटोत येऊन टोरांटोचंच न्यूयॉर्क करतात. कॅनडाच्या टपालपेट्या लाल, अमेरिकेच्या निळ्या, त्यामुळे कलाविभाग रस्त्यात निळी पेटी आणून ठेवतो. त्यांना गुणांची गरज नसते. त्यांच्यासाठी केंद्राचं वेगळं क्रेडिट आहे, स्थानिक पगाराच्या १६ टक्क्यांचं, आणि प्रांताचं त्याहून वेगळं.

आता मुद्द्याचं. मघाच्या कागदावर मीडिया फंडाचे पंचवीस डॉलर होते. हा फंड चालतो केंद्र सरकारच्या आणि केबल-सॅटेलाइट कंपन्यांच्या पैशांवर. या कंपन्यांनी प्रसारणाच्या उत्पन्नातले ५ टक्के कॅनेडियन कार्यक्रमांसाठी द्यायचे असा नियम आहे, आणि त्यातला मोठा वाटा इकडे येतो. पैसा सार्वजनिक म्हणा किंवा निमसार्वजनिक. पण निर्माता चांगली संहिता घेऊन थेट फंडाच्या दारात गेला, तर मोठ्या मालिकेसाठी ते दार सहसा उघडत नाही. दरवर्षी प्रत्येक चॅनेलच्या नावाने एक रक्कम बाजूला ठेवलेली असते, आदल्या वर्षांतल्या कामगिरीवर ठरलेली. चॅनेलने लायसन्स फीचं पत्र दिलं की त्या रकमेतून पैसे सुटतात. पत्र नाही तर फंड नाही. फंड नाही तर वितरक हात वर करतो, आणि बँक तर फाइल उघडूनही बघत नाही. तीस टक्के देणारा चॅनेलवाला शंभर टक्क्यांचा दरवान होतो. मी ज्याला स्वतंत्र निर्माता म्हणत आलो, तो या एका सहीपुरता अजिबात स्वतंत्र नसतो. माझ्या मते कॅनडाच्या सगळ्या व्यवस्थेची कमजोरी इथे आहे.

बरं, चॅनेलला तरी ती सही करायची हौस असते का? इंग्रजी खासगी चॅनेलला फारशी नसते, आणि त्याचं कारण टोरांटोच्या कुठल्याही घरात सापडेल. तिथे सरोवरापलीकडच्या बफेलोची अमेरिकन चॅनेल्स केबलवर दिसतात. अमेरिकन मालिका बफेलोच्या चॅनेलवर रात्री नऊला लागली आणि तीच कॅनेडियन चॅनेलनेही नऊलाच लावली, तर केबल कंपनीने बफेलोचा सिग्नल काढून तिथे कॅनेडियन चॅनेलचा सिग्नल टाकायचा, कॅनेडियन जाहिरातींसकट. १९७०च्या दशकापासून हा नियम आहे. म्हणजे एका मालिकेवर दोन चॅनेलचा प्रेक्षक. दर मे महिन्यात कॅनेडियन चॅनेलचे खरेदीदार लॉस एंजेलिसला जातात, अमेरिकन मालिका घेतात, आणि त्या अमेरिकेत ज्या वारी ज्या वेळेला लागतात त्याच वेळेला इकडे लावतात. चॅनेल टोरांटोचं, पण त्याचं वेळापत्रक ठरतं अमेरिकेत. स्वतःची मालिका कुठे? उरलेल्या फटीत, नाहीतर उन्हाळ्यात. शिवाय विकत घेतलेली मालिका स्वतः बनवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि तिची प्रसिद्धी अमेरिकनांनी आधीच केलेली. चॅनेल मालकाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

म्हणून सगळं येऊन ठेपतं नियमावर. १९९९ साली सीआरटीसीने चॅनेलवरची, कॅनेडियन कार्यक्रमांवर खर्च करण्याची सक्ती काढली. आठवड्याला आठ तास 'प्राधान्याचे' कार्यक्रम दाखवा म्हणाले, आणि त्या प्राधान्यात सिनेतारकांच्या बातम्यांचे कार्यक्रमही घातले. निकाल काय लागणार होता? इंग्रजी मालिका आटल्या. २००४ मध्ये उतारा काढला: मालिका दाखवाल तर जाहिरातींना जादा मिनिटं देऊ. म्हणजे कथा ऐकवण्याचं बक्षीस, ती कथा आणखी तोडण्याची परवानगी! २०१० साली मात्र नीट विचार झाला. मोठ्या चॅनेल समूहांनी उत्पन्नाच्या ३० टक्के कॅनेडियन कार्यक्रमांवर खर्चायचे, त्यात उत्पन्नाचे किमान ५ टक्के मालिका, मोठे माहितीपट अशा 'राष्ट्रीय महत्त्वाच्या' कार्यक्रमांवर, आणि त्यातलेही तीन चतुर्थांश स्वतंत्र निर्मात्यांकडे. २०१७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या कार्यक्रमांचा आकडा सगळ्यांना सरसकट ५ टक्के केला. काही समूह त्याआधी जास्त देत होते, त्यामुळे लेखक-निर्माते रस्त्यावर यायचेच बाकी होते. मंत्रिमंडळाने निर्णय परत पाठवला आणि २०१८ मध्ये कोरस समूहासाठी साडेआठ, बेल समूहासाठी साडेसात, रॉजर्स समूहासाठी पाच असे आकडे ठरले. अडीच-साडेतीन टक्क्यांचा फरक वाटतो किरकोळ, पण त्यावर अख्ख्या मालिका उभ्या राहतात किंवा राहत नाहीत.

एक गमतीशीर आडवाट. कॅनडात मालिकांना पैसा मिळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे चॅनेलच विकलं जाणं. मालकी बदलताना खरेदीदाराने व्यवहाराच्या किमतीचा एक हिस्सा कार्यक्रमांसाठी द्यायचा असा दंडक आहे. २००० साली बेलच्या कंपनीने सीटीव्ही हे खासगी चॅनेल घेतलं तेव्हा २३ कोटी डॉलर असे निघाले.

आणि पैसे देणारेही कधी बिथरतात. २००६ संपता संपता शॉ आणि पाठोपाठ २००७च्या जानेवारीत व्हिडिओट्रॉन, या दोन केबल कंपन्यांनी तेव्हाच्या कॅनेडियन टेलिव्हिजन फंडाला दरमहाचे पैसे द्यायचंच बंद केलं. शॉचे प्रमुख जिम शॉ यांचं म्हणणं, कोणी बघत नाही असल्या मालिकांवर आमचा पैसा उधळला जातोय. फंडातले ३७ टक्के सरकारी चॅनेल सीबीसीसाठी राखीव होते, तेही त्यांना खुपत होतं. सरकारने डोळे वटारल्यावर पैसे पुन्हा सुरू झाले, पण त्या बंडाचा धसका राहिला. २०१० मध्ये त्या फंडाचा कॅनडा मीडिया फंड झाला, प्रेक्षकसंख्येला जास्त वजन आलं. जिम शॉंची पद्धत दांडगाईची होती, तक्रार मात्र सगळीच खोटी नव्हती.

क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताची गोष्ट निराळी. तिथे फ्रेंच भाषेने अमेरिकन चॅनेल आपोआप अडवलं. बजेट इंग्रजीपेक्षा बरंच कमी, पण लोक आपल्याच मालिका बघतात, आपलेच तारे ओळखतात. १९९५ मध्ये 'ला पेतित व्ही' या विनोदी मालिकेचा एक भाग चाळीस लाखांहून जास्त लोकांनी बघितला. तेव्हा क्यूबेकची लोकसंख्या जेमतेम सत्तर-बहात्तर लाख. मराठी माणसाला ही बाजू जास्त कळते, नाही का? मीडिया फंडाचा साधारण एक तृतीयांश पैसा फ्रेंचकडे जातो.

हक्क हातात ठेवण्याचा फायदा काय, ते 'मर्डक मिस्ट्रीज'ने दाखवलं. व्हिक्टोरियन टोरांटोतला गुप्तहेर, २००८ पासून सिटीटीव्हीवर. पाच पर्वांनंतर चॅनेलने ती बंद केली. हक्क चॅनेलकडे असते तर तिथेच मामला आटोपला असता. पण ते निर्मात्या शाफ्ट्सबरी कंपनीकडे होते, आणि मालिकेची परदेशात विक्री चालू होती. सीबीसीने मालिका उचलली आणि ती पुढे वर्षानुवर्षं चालली.

स्ट्रीमिंग कंपन्यांची अडचण नेमकी इथे आहे. त्यांना जगभरचे हक्क हवेत, कायमचे. तसे दिले तर मालिका कॅनेडियन दाखल्यात बसत नाही आणि क्रेडिटं निसटतात. मधला मार्ग म्हणून सीबीसी आणि नेटफ्लिक्सने 'ॲन विथ ॲन ई' मिळून केली. २०१९ मध्ये सीबीसीच्या प्रमुख कॅथरीन टेट यांनी जाहीर सांगितलं की आपल्या उद्योगाला लांबच्या पल्ल्यात नुकसान होईल असे व्यवहार आता नकोत. मालिका तीन पर्वांत संपली. त्याआधी २०१७ मध्ये मंत्री मेलनी जोली यांनी नेटफ्लिक्स पाच वर्षांत ५० कोटी डॉलर खर्चणार अशी घोषणा केली होती, तेव्हा क्यूबेकमध्ये गदारोळ झाला: कर नाही, सक्ती नाही, नुसता शब्द? एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंग कायदा झाला. जून २०२४ मध्ये सीआरटीसीने सांगितलं की कॅनडात वर्षाला अडीच कोटी डॉलरवर कमावणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनी ५ टक्के भरायचे. वर्षाला साधारण २० कोटी येतील असा अंदाज होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि डिसेंबरात अपील कोर्टाने त्यांच्या भरण्याला तूर्त स्थगिती दिली. पैसा आला तरी माझी चिंता वेगळी आहे: तो चॅनेलच्या पत्राशिवाय सुटणार का? नाहीतर पाइप मोठा झाला, नळ तोच राहिला.

आता तुमच्या कामाचं. भारत आणि कॅनडाचा सहनिर्मितीचा करार २०१४ पासून आहे. त्यात बसलेला प्रकल्प दोन्ही देशांत 'आपला' धरला जातो. तिकडून टेलिफिल्म कॅनडा ही सरकारी संस्था आणि इकडून माहिती व प्रसारण मंत्रालय, दोन्हीकडे अर्ज करावे लागतात. २०२३च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, केंद्र सरकारने परदेशी निर्मितीच्या खर्चावरचा परतावा ३० वरून ४० टक्क्यांवर नेल्याचं जाहीर केलं, कमाल ३० कोटी रुपये. नियम बारकाईने वाचा, कोणत्या प्रकारची निर्मिती बसते ते बघा. आणि एक काम अर्जाआधी करा. तुमच्या बँकेच्या मॅनेजरला विचारा, सरकारकडून पुढे येणाऱ्या परताव्याच्या कागदावर आज कर्ज देता का. टोरांटोत बँकांचे यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. तुमचा मॅनेजर काय म्हणतो त्यावरून परदेशी भागीदाराशी कुठल्या आकड्याने बोलायचं ते ठरेल. चला, प्रश्न घेऊ या.