मार्केटिंग उरलेल्या वेळेत करायचं काम नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते आपल्या छोट्या दुकानदारांशी, घरून फराळ करून देणाऱ्या ताईंशी, ब्लाउज शिवणाऱ्यांशी, गॅरेजवाल्या दादांशी, आणि विषय आहे मार्केटिंग. हे ऐकलं की बरेच जण म्हणणार, ते मोठ्या कंपन्यांचं काम, आपला माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं. पुण्यात तर हे जरा जास्तच. "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी आपण किती कौतुकाने लावतो!

आता गिऱ्हाईक आपोआप यायचं हे खोटं नाही हो, पण ते का यायचं ते बघा. सदाशिव पेठेतला वाडा, त्यात पंधरा-वीस बिऱ्हाडं, एकीला कोणाची चकली आवडली की संध्याकाळपर्यंत नळावर सगळ्यांना कळायचं, आणि तीच माणसं तिथंच वर्षानुवर्षं राहायची. आज वाकड, बाणेर, खराडीत जा, कितीतरी फ्लॅट भाड्याने, कोण नागपूरहून आलंय, कोण इंदूरहून, कोण लातूरहून, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की सामान टेम्पोत टाकून दुसरीकडे. शेजारणीचं नावच माहीत नाही तर चकली कुठं चांगली मिळते हे विचारणार कोणाला? मग ती फोनवर शोधते, आणि तिथं तुम्ही दिसला नाहीत तर तिच्यापुरतं तुमचं दुकानच नाही, चकली कितीही खुसखुशीत असू दे.

चितळे बंधूंचं बघा ना, १९५० पासूनचं दुकान, बाकरवडी सगळ्यांना माहिती, त्यांना काय गरज होती? तरी ते जाहिरात करतात, आणि ज्या दुपारच्या १ ते ४ वर इतके विनोद झाले ती सुट्टीसुद्धा त्यांनी २०१७ मध्ये बंद केली. गिऱ्हाईक बदललं की आपण बदलायचं, हेही मार्केटिंगच की. आणि ज्या रेडिओवरून मी बोलतोय त्याचंच घ्या, विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ साली, आणि पहिल्या केंद्रांमध्ये मुंबई, नागपूरबरोबर आपलं पुणंही होतं. म्हणजे पुणेकराला जाहिरात नवीन नाही, स्वतःची करायची म्हटलं की मात्र लाज वाटते.

बरं, पैसे कुठून आणायचे? सुरुवातीला फारसे लागतच नाहीत. गूगल मॅपवर आपल्या दुकानाचं प्रोफाइल फुकट करता येतं. पण नुसतं करून सोडू नका, तिथं वेळ बरोबर टाका, सुट्टीचे दिवस टाका, आतले-बाहेरचे खरे फोटो टाका. दसऱ्याला दुकान उघडं की बंद हे न कळल्यामुळे माणूस परत गेला की तो पुन्हा येत नाही. काय विकता ते स्पष्ट लिहा, कारण कोणाला वर दाखवायचं हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं, माणूस जे शोधतोय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुम्ही किती माहितीतले आहात. रिव्ह्यू जरूर मागा, पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, ते नियमात बसत नाही. आणि कोणी वाईट लिहिलंच तर पुणेरी टोमणा मारून उत्तर देऊ नका, वाचणाऱ्यांना दोन मिनिटं मजा येते पण नवीन गिऱ्हाईक तुमच्याकडे येताना दहा वेळा विचार करतं.

व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे दुकानदारांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, त्याचंही तसंच. त्यात कॅटलॉग, म्हणजे आपल्या मालाची फोटोंसकट यादी, टाकता येतो, पण ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यालाच पोचतो, म्हणून बिल देताना "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा" एवढं म्हणायचंच. रोज गुड मॉर्निंग मात्र पाठवू नका बाबा, लोक ब्लॉक करतात.

पैसे खर्च करायची वेळ आली तर आधी हिशोब करा. समजा एक गिऱ्हाईक महिन्याला ४०० रुपयांचा माल नेतं आणि तीन वर्षं टिकतं, म्हणजे १४,४०० रुपये झाले. त्यातला तुमचा नफा काढा, मग ते एक गिऱ्हाईक आणायला २०० रुपये गेले तर महाग की स्वस्त ते तुम्हीच ठरवा. आपण काय करतो, पेपरातून पॅम्प्लेट टाकतो, चार दिवस वाट बघतो आणि म्हणतो काही उपयोग नाही. अहो पण उपयोग झाला की नाही हे मोजलं कुठे? गल्ल्याशेजारी एक वही ठेवा, नवीन माणूस आला की विचारा, "आमचं कुठून कळलं?" आणि लिहा. महिन्याने कळेल पैसा कुठे टाकायचा आणि कुठला बंद करायचा.

माझं म्हणणं एवढंच की याला आठवड्यातला एक ठरलेला तास द्या, दुकानाचं भाडं जसं उरलेल्या पैशातून देत नाही तसंच हे. धंदा मंदावल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. फराळवाल्या ताईंनो, अमेरिकेत मुलांना पार्सल पाठवणारी मंडळी ऑर्डर लवकर ठरवतात, दिवाळीच्या आठवड्यात मेसेज टाकलात तर त्यांचं पार्सल तिकडे पोचलेलंसुद्धा असतं. पितृपक्षात काम जरा थंड असतं, तेव्हाच थोडा फराळ करून फोटो काढून घ्या, दरपत्रक तयार ठेवा आणि घटस्थापनेला पाठवून द्या. आणि हो, त्यात कुरियरचा खर्च वेगळा लिहा, कारण पहिला फोन त्याच्यासाठीच येणार.