इन्फिनिटी परवडली, पण नॅन नको!

घोडबंदर रोडवरच्या बसचा वेग जीपीएसवरून काढायचाय. अंतर भागिले वेळ, सोपं आहे. पण गाडी ट्रॅफिकमध्ये उभी आणि सर्व्हरवर तीच नोंद दोनदा आली, तर अंतर शून्य, वेळही शून्य. जावास्क्रिप्ट उत्तर देतं नॅन, म्हणजे 'नॉट अ नंबर', हा आकडाच नाही. वेळ तीच, पण जागा पाच मीटर सरकलेली दिसली, तर उत्तर इन्फिनिटी. पायथॉन दोन्ही वेळा एरर देऊन थांबतो. पायथॉनचीच आकडेमोडीची लायब्ररी नमपाय मात्र नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं, आणि वॉर्निंग वाचतो कोण!

इन्फिनिटी तशी सरळ आहे. तिच्यात हजार मिळवा, इन्फिनिटीच. एकाला तिने भागा, शून्य. 'वेग ८० च्या वर आहे?' विचारलं की 'हो' म्हणते, अलार्म वाजतो, चूक पकडली जाते.

नॅन तसा नाही. ८० पेक्षा जास्त? नाही. कमी? नाही. स्वतःइतकाच? तेही नाही! अलार्म गप्प, आणि दिवसाची सरासरी काढलीत की तीसुद्धा नॅन. सगळ्यात मोठा आकडा शोधणाऱ्या पायथॉनच्या मॅक्सची तर गंमतच: यादीत आधी नॅन, मग ४० असेल तर उत्तर नॅन, क्रम उलटा केला की ४०. म्हणून भागण्याआधीच वेळेतला फरक शून्याहून मोठा आहे ना, ते बघा. नंतर इझनॅन, म्हणजे 'हा नॅन आहे का?' ही तपासणी, लावत बसण्यापेक्षा हे बरं.

आता खालचं टोक. इन्फिनिटी आणि नॅनचे हे नियम संगणकातल्या दशांश आकड्यांसाठीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकातले. त्यामागचं मोठं नाव गणितज्ञ विल्यम कहान. डबल, म्हणजे ६४ बिटांत साठवलेला दशांश आकडा; त्यात पूर्ण अचूकता साधारण २.२ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात इथपर्यंत. त्याखाली लगेच शून्य येत नाही. सबनॉर्मल आकडे येतात, अचूकतेचे बिट गमावत गमावत ४.९ गुणिले १० चा उणे ३२४ वा घात इथपर्यंत पोचतात. त्याचं अर्धं केलंत की मग शून्य. या उतरणीचा फायदा असा, की दोन वेगळ्या आकड्यांची वजाबाकी कधीच शून्य होत नाही, त्यामुळे त्या फरकाने भागताना शून्याने भागलं जाण्याची भीती नसते.

जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरला गणित झटपट उरकायचा फास्ट-मॅथ हा पर्याय दिलात की ही खात्री जाऊ शकते. वर 'नॅन येणारच नाही' असं धरून कंपायलर तुमची इझनॅनची तपासणीही उडवू शकतो.

एक शेवटचा सापळा. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ आणि ४, पण दोन्हींना गुणिले १० चा उणे २०० वा घात. स्वतः वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलंत, तर कर्ण शून्य, कारण वर्गच शून्य झाले. ना एरर, ना वॉर्निंग. कर्ण काढणारं तयार हायपोट फंक्शन वापरा, कर्ण ५ गुणिले १० चा उणे २०० वा घात असा बरोबर येतो.