मावळतीकडे पाठ करून

[दृश्य : काळ्या पडद्यावर उजळत जाणारं जुन्या लंडनचं रेखाचित्र. घुमट, धुराडी, नदी.]

साल १८२९. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये कलोसियम नावाची घुमटाची मोठी इमारत लोकांसाठी खुली झाली. आत गेलं की माणसं एका लहानशा खोलीत उभी राहायची आणि ती खोलीच माणसांसकट वर चढायची. वर पोचल्यावर चहूबाजूंना लंडन पसरलेलं दिसायचं. हे लंडन रंगवलेलं होतं. चाळीस हजार चौरस फुटांहून मोठ्या कॅनव्हासवर गल्ल्या, पूल, शिडाची जहाजं, घरांची छपरं, सगळं होतं.

या चित्राचे आराखडे टॉमस हॉर्नर या माणसाने केले होते. काही वर्षांपूर्वी सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटावरचा गोळा आणि क्रूस बदलण्याचं काम निघालं, तेव्हा त्याने त्या परांचीच्याही वर एक खोपटं बांधून घेतलं. वाऱ्यात हेलकावणाऱ्या त्या खोपटात बसून तो शहर कागदावर उतरवत असे. कामाला लागायचा तो पहाटे. घराघरांतल्या शेगड्या पेटल्या की धुराचा पडदा चढायचा आणि शहर दिसेनासं व्हायचं.

खरं लंडन बाहेर होतंच. तरी लोक यंत्राने वर जाऊन चित्रातलं लंडन बघायला गेले, कारण आपण राहतो ते शहर अखंड, एका नजरेत कसं दिसतं हे त्यांना पाहायचं होतं. ती ओढ आजही तशीच आहे. उंच इमारतींवरचे शहर बघायचे सज्जे, म्हणजेच डेक, त्याच ओढीवर चालतात.

[दृश्य : लिफ्टचे पोलादी दोर, फिरणारी चाकं.]

उंच इमारतींचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी लिफ्टचा इतिहास. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उघड्या लिफ्टवर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांसमोर वरचा दोर कापायला लावला. लिफ्ट थोडीशी घसरली आणि जागीच अडकली. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पस्तीस वर्षांनी, १८८९ मध्ये, पॅरिसमध्ये ३०० मीटरचा आयफेल टॉवर उभा राहिला आणि सामान्य माणूस तिकीट काढून ढगांच्या जवळ जाऊ लागला.

मग आली एम्पायर स्टेट बिल्डिंग. मे १९३१ मध्ये ती उघडली तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. कचेऱ्यांना भाडेकरू मिळेनात आणि मजलेच्या मजले रिकामे पडले. त्या काळात या इमारतीला हात दिला तो ८६व्या मजल्यावरच्या उघड्या सज्जाने. हाताशी पैसा नसलेल्या शहरातही लोक वर येत राहिले. इमारतीच्या टोकाशी वायूवर तरंगणारी हवाई जहाजं (एअरशिप) दोराने बांधून ठेवायची आणि प्रवाशांनी तिथेच उतरायचं, असाही एक बेत होता. तिथल्या वाऱ्यापुढे तो टिकला नाही.

[दृश्य : क्षितिजाची संथ, पूर्ण फेरी.]

वर गेल्यावर किती दूरचं दिसतं? याचं गणित सोपं आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण साडेतीनने गुणा. येईल ते क्षितिजाचं अंतर, किलोमीटरमध्ये. १०० मीटरवरून सुमारे ३६ किलोमीटर, ४०० मीटरवरून सुमारे ७१. म्हणजे क्षितिज दुप्पट लांब न्यायचं तर उंची चौपट करावी लागते. पृथ्वी गोल असल्यामुळे वर जाल तसा प्रत्येक नव्या मीटरचा फायदा कमी होत जातो.

त्यामुळे सर्वांत उंच तेच सर्वांत चांगलं, असं मला वाटत नाही. दुबईच्या बुर्ज खलिफाचा एक डेक ५५५ मीटरवर आहे. तिथून वाळवंट आणि समुद्र यांच्यामधली शहराची पट्टी एका दमात दिसते, आणि ते दृश्य थरारक आहेच. पण खालचे रस्ते तिथून रेषा होऊन जातात. टोकियोच्या महानगर प्रशासनाच्या इमारतीतला डेक जेमतेम २०२ मीटरवर आहे. तिथून रस्ता ओलांडणारा माणूस अजून माणूस म्हणून ओळखू येतो, आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी सुमारे १०० किलोमीटरवरचा फुजी पर्वतही दिसतो. गणिताने क्षितिज ५० किलोमीटरवरच संपतं, मग फुजी कसा दिसतो? तो स्वतः ३,७७६ मीटर उंच आहे, म्हणून क्षितिजापलीकडून डोकं वर काढतो.

आणि हे सगळं हवेच्या हातात. धूळ, धूर आणि दमटपणा असेल तर ५०० मीटरवर जाऊनही पाच किलोमीटरपलीकडे पांढुरकं धुकट उरतं. पाऊस पडून गेल्यावर, वारा सुटल्यावर हवा धुतल्यासारखी होते. तिकीट काढण्याआधी उंचीचा आकडा वाचण्यापेक्षा आकाश बघावं.

[दृश्य : शिकागो. सरोवराचा काठ, आणि तिथून पश्चिमेकडे सरळ निघालेले रस्ते.]

आता शहराकडे बघू. डेकवर आलेले बहुतेक जण आधी ओळखीच्या इमारती शोधतात. ते स्वाभाविकच आहे. पण थोडा वेळ नावं बाजूला ठेवा आणि आधी पाणी शोधा. शहर कुठल्या पाण्यापाशी सुरू झालं हे वरून पटकन कळतं. नदीचं वळण, खाडीचं तोंड, बंदराचा धक्का, आणि त्याच्या आसपास अरुंद, वेड्यावाकड्या गल्ल्यांची दाटी. हा जुना गाभा. तिथून बाहेर जाल तसे रस्ते रुंद होतात, सरळ होतात. मग रेल्वेचे रूळ शोधा. रुळांच्या कडेने गोदामं आणि कारखाने दिसतील. काही ठिकाणी कारखान्यांच्या जागी नव्या काचेच्या इमारती आलेल्या दिसतील.

न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेटवरून उत्तरेकडे पाहिलं की १८११ मध्ये कागदावर आखलेली काटकोनी चौकट आजही जशीच्या तशी दिसते. ती आखली तेव्हा त्या जागी बरीचशी शेतं आणि टेकड्या होत्या. चौकटीच्या मधोमध सेंट्रल पार्कचा चार किलोमीटर लांबीचा हिरवा आयत आहे. पॅरिसमध्ये माँपार्नासच्या मनोऱ्यावरून ओसमान या प्रशासकाने जुन्या वस्त्यांमधून काढलेले रुंद रस्ते दिसतात, आणि घरांची उंची कशी एका पातळीत राखली आहे तेही. त्या रस्त्यांसाठी किती घरं पाडली गेली असतील, किती माणसं उठवली गेली असतील, हा विचारही तिथेच येतो. वरून शहर सुंदर दिसतं. त्याच नजरेला झोपड्यांची पत्र्याची छपरं आणि शेजारच्या बंगल्यांचे निळे तलावही एकाच वेळी दिसतात. खाली त्यांच्यामध्ये भिंत असते. वरून ती दोन्ही एकाच वस्तीत दिसतात. दुर्बीण फिरवताना तिथे थोडं थांबायला हवं.

[दृश्य : काचेच्या तळावर थबकलेली पावलं.]

काही जणांना मात्र यातलं काहीच बघवत नाही. पोटात गोळा येतो, पाय जड होतात. साधारण चारांतल्या एका माणसाला कधी ना कधी उंचीचा असा त्रास होतो. याला भित्रेपणा म्हणणं चूक आहे. उभं असताना आपलं शरीर सतत किंचित डोलत असतं. जवळच्या वस्तू सरकताना दिसतात, त्यावरून डोळे हे डोलणं हेरतात आणि तोल सावरला जातो. समोर शेकडो मीटर काहीच नसेल तर डोळ्यांना ती खूण मिळत नाही, आणि मेंदू गोंधळतो. उपायही त्यातच आहे. भिंतीला पाठ टेका. कठड्याची किंवा खांबाची स्थिर कड डोळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. सरळ खाली बघू नका, आधी क्षितिजावर नजर ठेवा. वाहत्या ढगांकडे बघणं टाळा आणि दुर्बीण सुरुवातीलाच लावू नका. सोबतच्या कुणाला भीती वाटत असेल तर त्याला काचेकडे ओढू नका.

शिकागोच्या विलिस टॉवरमध्ये १०३व्या मजल्यावर, ४१२ मीटर उंचीवर, भिंतीबाहेर सव्वा मीटरहून जास्त डोकावणाऱ्या काचेच्या खोल्या आहेत. मे २०१४ मध्ये तिथे उभ्या असलेल्या लोकांच्या पायाखाली तडे गेले. तडा गेला होता तो काचेवरच्या संरक्षक लेपाला. खालचे काचेचे थर शाबूत होते. ओरखडे लेपाने झेलावेत आणि मूळ काच सुरक्षित राहावी, म्हणूनच तो लेप दिलेला असतो.

तैवानमधल्या तैपेई १०१ या उंच इमारतीत मला आवडते ती वेगळीच गोष्ट. ८७व्या ते ९२व्या मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा पोलादी गोळा पोलादी दोरांवर टांगला आहे. वाऱ्याने इमारत एका बाजूला झुकली की गोळा मागे रेंगाळतो आणि झोक्याचा जोर खाऊन टाकतो. ऑगस्ट २०१५ मधल्या वादळात तो सुमारे एक मीटर हलला. असली यंत्रणा बहुतेक इमारती लपवतात. इथे ती सोनेरी रंगवून लोकांसमोर मांडली आहे, आणि ती बघताना लोक उंचीइतकेच रमतात.

[दृश्य : तिरपं ऊन. इमारतींच्या सावल्या लांबत चालल्या आहेत.]

माझ्या मते डेकवर जायची खरी वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, सावल्या पायाशी गोळा झालेल्या असतात आणि शहर सपाट दिसतं. ऊन तिरपं झालं की प्रत्येक इमारतीला उठाव येतो. कोणती उंच, कोणती बुटकी, कुठे मोकळं मैदान, हे सावल्याच सांगतात.

सूर्य टेकायला आला की सगळी गर्दी पश्चिमेच्या काचेशी जमते. मोबाइल वर होतात. अशा वेळी मागे वळा आणि पूर्वेच्या बाजूला जा. तिथे जागा मोकळी असते, आणि जे दिसतं ते फार थोडे लोक बघतात.

पूर्वेला, शहरावर पसरलेली, एक लांबच लांब सावली असते. तुम्ही उभे आहात त्या इमारतीची. डेकवरून सगळं शहर दिसतं, फक्त ही इमारत दिसत नाही. दिसते ती तिची सावली. सूर्य क्षितिजापासून पाच अंश वर असताना ४०० मीटरच्या इमारतीची सावली साडेचार किलोमीटर लांब होते. छपरांवरून, रस्त्यांवरून, नदीवरून ती पुढे सरकत असते. ज्या घरांवरून ती जाते तिथे काही मिनिटं संध्याकाळ लवकर होते.

मग सूर्य मावळतो. आता पूर्वेच्या क्षितिजाकडे नीट बघा. तळाशी एक निळसर-करडा पट्टा वर चढू लागतो आणि त्याच्या वर गुलाबी झालर असते. लोक त्याला धुकं समजतात. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली आहे, आपल्याच वातावरणावर पडलेली. रस्त्यावरून ती बहुधा घरांमागे दडते. इथे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते, आणि मिनिटामिनिटाला चढताना दिसते. दहा-पंधरा मिनिटांत ती रात्रीत मिसळून जाते.

उंचावर सूर्य खरोखरच उशिरा मावळतो. बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यांवर जमिनीपेक्षा काही मिनिटं अधिक दिवस असतो. म्हणूनच तिथे राहणाऱ्यांनी रमजानचा रोजा मजल्याप्रमाणे दोन किंवा तीन मिनिटं उशिरा सोडावा, असं दुबईच्या धर्मविभागाने सांगितलं होतं.

[दृश्य : निळा संधिप्रकाश. एकेक दिवा लागतो आहे.]

यानंतरची कातरवेळ फोटोसाठी उत्तम, कारण आकाशात अजून निळाई असते आणि खाली दिवे लागलेले असतात. विषुववृत्ताजवळच्या शहरांत ही वेळ झटकन सरते. उत्तरेकडच्या शहरांत उन्हाळ्यात ती लांबते. काचेतून फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवा आणि लेन्स काचेला अगदी टेकवा. कपडे गडद रंगाचे असलेले बरे, पांढरा सदरा काचेत हमखास उमटतो. उघडा डेक असेल तर तोच निवडा. वारा झोंबेल, पण शहराचा आवाज ऐकू येईल: भोंगे, रुग्णवाहिका, गाड्यांची अखंड घरघर.

रात्री शहर पुन्हा वेगळं वाचता येतं. केशरी दिवे म्हणजे जुने सोडियमचे, पांढरे म्हणजे नवे एलईडी. कुठल्या भागात पालिकेचा हात आधी पोचला ते रंगावरून कळतं. काळे तुकडे म्हणजे पाणी, उद्यानं, दफनभूमी. आकाशात एका ओळीत लटकलेले दिवे म्हणजे धावपट्टीकडे रांगेने येणारी विमानं.

स्थलांतराच्या हंगामात याच वेळी पक्षीही उडत असतात. उंच इमारतींच्या दिव्यांनी ते भरकटतात आणि काचेवर आदळून मरतात. शिकागोतल्या अनेक उंच इमारती वसंतात आणि शरदात रात्री आपले शोभेचे दिवे मालवतात. तुम्ही गेलात त्या रात्री शिखर अंधारात असेल तर तक्रार करू नका.

[दृश्य : लिफ्टमधले मजल्यांचे आकडे उतरत्या क्रमाने.]

उतरताना लिफ्ट सावकाश येते, आणि ते मुद्दाम असतं. तैपेई १०१ ची लिफ्ट वर जाताना मिनिटाला १,०१० मीटर धावते, खाली येताना ६००. ४०० मीटरवर हवेचा दाब जमिनीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी असतो, आणि वाढता दाब कानांना जास्त टोचतो. आवंढा गिळा, जांभई द्या. लहान मुलांना काहीतरी चघळायला द्या. सर्दी जोरात असेल तर ही भेट पुढे ढकलणं चांगलं.

आणि खाली येण्याआधी एक जागा हेरून ठेवा. एखादा पूल, मालगाड्यांचं आवार, वस्तीच्या मधोमध उरलेलं झाडांचं बेट. दुसऱ्या दिवशी तिथे पायी जा. वरून चढउतार जवळजवळ पुसले जातात, त्यामुळे अगदी शेजारी वाटलेल्या दोन खुणांमध्ये चढ निघेल, कुंपण निघेल, रुळांखालचा बोगदा निघेल, आणि वाट विचारायला माणसं भेटतील.