पहिले 24 तास

सुरगाणा. नाशिक जिल्ह्याचं गुजरातला लागून असलेलं टोक. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे इथे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. पावसाळ्यात कुणाचे डोळे पिवळे झाले की घरातली जाणती माणसं लगेच म्हणतात, कावीळ झाली. ही बहुतेक वेळा घाण पाण्यातून येते, हिपॅटायटिस ए किंवा ई. बहुतेक जण बरे होतात. गरोदर बाईच्या मात्र ई जिवावर बेतू शकतो.

दुसरी कावीळ दिसतच नाही. हिपॅटायटिस बी, लोकांच्या तोंडी पांढरी कावीळ. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, आणि आत यकृत खराब होत राहतं.

देशभरातल्या पाहण्या एकत्र करून 2007 साली हिशेब मांडला गेला. बिगर-आदिवासींमध्ये या विषाणूचं प्रमाण 2.4 टक्के, आदिवासींमध्ये 15.9 टक्के. अर्थात जमातीगणिक आकडा बदलतो. अंदमानच्या जारवांमध्ये तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात तो सापडला होता. म्हणून ही सरासरी उचलून सुरगाण्याच्या माथी मारू नये. इथल्या माणसांची इथेच तपासणी व्हायला हवी.

आणि हा दोष कुठल्या जमातीच्या रक्ताचा नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला, खेळता-खरचटताना एका पोराकडून दुसऱ्याला, एकाच ब्लेडने, गोंदणाच्या एकाच सुईने विषाणू पसरतो. शरीराबाहेरही तो किमान सात दिवस तग धरतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मतःच झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांत.

म्हणून लशीचा पहिला डोस जन्मापासून 24 तासांच्या आत लागतो. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तो तिथेच मिळतो. पण रात्री पाड्यावर सुईणीच्या हातून बाळ जन्मलं, ओहोळाला पूर आलेला असला, की तो दिवस हातचा जातो. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात. तोवर दिवाळी उलटते आणि अख्खं घर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जगायला गेलेलं असतं.

हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2018 पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गरोदर बाईची तपासणी आधीच झाली, तर बाळंतपणासाठी तिला वेळेत दवाखान्यात आणता येतं. बाळाला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही देता येतं, तेही त्याच पहिल्या दिवशी.