लुम्मिनी गावी

(सोनौली, पहाट. ट्रकांची रांग.)

भारत-नेपाळ सीमेवरचा सोनौलीचा नाका. ट्रकांच्या रांगेत एक बस उभी आहे, एमएच पासिंगची. आत पांढऱ्या साड्यांतल्या बाया, पांढऱ्या सदऱ्यांतली माणसं. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर झालं. धम्मयात्रेतली लुंबिनी तेवढी उरली. गाडीचं भन्सार, म्हणजे नेपाळचा सीमाशुल्क, भरायला ड्रायव्हर गेलाय. प्रवाशांना व्हिसा लागत नाही. कमान ओलांडली की नेपाळ.

पलीकडे एक वाक्य टी-शर्टांवर, गाड्यांवर सारखं भेटतं: बुद्धांचा जन्म नेपाळमध्ये झाला. नेपाळी माणसाला ते पुन्हापुन्हा सांगावं लागतं, कारण शेजारचा मोठा देश बोलताबोलता बुद्धांना आपल्यात धरून मोकळा होतो. 2020 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना सर्वांत थोर भारतीयांत गणलं. काठमांडूनं हरकत घेतली, आणि जन्म लुंबिनीतच झाला असा खुलासा दिल्लीला करावा लागला. ती हरकत रास्तच होती.

ओढाताण विमानतळांतही दिसते. ऑक्टोबर 2021 मध्ये कुशीनगरला आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. 16 मे 2022 ला, बुद्धपौर्णिमेला, लुंबिनीजवळ भैरहव्यात नेपाळचा सुरू झाला. बांधला चिनी कंपनीनं. त्याच दिवशी भारताचे पंतप्रधान लुंबिनीला आले, ते कुशीनगरहून थेट हेलिकॉप्टरनं.

बसमधल्या लोकांना नेपाळ परका नाही. नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले होते. पुढच्याच महिन्यात त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

(मायादेवी मंदिर. अशोकस्तंभ.)

हा स्तंभलेख 1896 साली उजेडात आला. ब्राह्मी अक्षरं अजून ठसठशीत आहेत. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथं आला, पूजा केली, दगडी स्तंभ उभारला. भगवान इथं जन्मले म्हणून त्यानं लुम्मिनी गावाचा बळी हा कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. लेखात नाव आहे ते एवढ्या एका गावाचं.

कठड्यापाशी बसमधल्या एक आजी थांबल्यात. नेपाळी गाइड त्यांना ओळ वाचून दाखवतो, "हिद बुधे जाते."

"हिद म्हंजे इथंच का, दादा?"

"हाँ माताजी, यहीं."

आजी खाली बसतात. कठड्याच्या गजाला कपाळ टेकवतात.