रस्ता झाला आणि पाणी घरात आलं! आराखड्यात कामाचं नाव कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना नीट? मागच्या व्हिडिओत पंखा बंद करायचा राहिला होता, निम्म्या कमेंट त्या पंख्यावरच आल्या.

उरलेल्या निम्म्या एकाच विषयावर. "ताई, आमच्या गल्लीचा रस्ता आराखड्यात होता, मग गेला कुठं?" "ताई, रस्ता झाला पण भलत्याच वाडीला झाला." एका दादांनी तर चार ओळींत चार शिव्या घालून विचारलंय की आराखडा म्हणजे भिंतीवर लावायचं कॅलेंडर आहे का. दादा, शिव्या वगळल्या तर प्रश्न रास्त आहे.

आराखडा, म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. पटकन सांगते, कारण हे बहुतेकांना माहितीये. पुढच्या वर्षी गावात काय कामं करायची ते आधी वॉर्डसभेत आणि महिला सभेत मांडायचं, मग ग्रामसभेत मंजूर करायचं, मग ते ईग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतं. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या, पैशातून काम करायचं तर ते तिथं दिसलंच पाहिजे. पुढं अंदाजपत्रक म्हणजे त्या कामाच्या मोजमापाचा नि खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिका म्हणजे आपली एम.बी., आणि मग बिल. झालं. कोरम, म्हणजे ग्रामसभेला किमान किती जण हजर लागतात, ते विचारलं होतं कुणीतरी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. आणि सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरम लागत नाही. म्हणून "कोरम नाही, चला घरी" म्हणून उठून जाणाऱ्यांनो, तुमच्या पाठीमागं विषय मंजूर होतात बरं का.

आता मुद्दा. मला आज फक्त एका ओळीबद्दल बोलायचंय. कामाचं नाव.

हसताय ना? मीही हसले असते. मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. आमच्या गल्लीत पावसाळ्यात चिखल व्हायचा, पोरं शाळेत जाताना चपला हातात घेऊन जायची. निवडून आल्यावर पहिल्याच ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता पाहिजे. सूचक मी. अनुमोदक जाऊबाई, त्यांना मीच ओढून आणलं होतं. ठरावात लिहिलं, "अंतर्गत रस्ता काँक्रीट करणे." मी अभिमानानं सही केली.

रस्ता झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. पण जुनी वाट खोदली नाही. तिच्यावरच चार इंच खडी पसरली, त्यावर सहा इंच काँक्रीट. म्हणजे रस्ता दहा इंच वर आला आणि आमचा उंबरा होता तिथंच राहिला. जूनमधला पहिला मोठा पाऊस रात्री आला. मी जागी झाले ती सासूबाईंच्या आवाजानं. त्या पोत्यात माती भरून दाराला लावत होत्या, पिठाचा डबा पलंगावर चढवून ठेवला होता, आणि मला म्हणाल्या, "सदस्यबाई, या, तुमचा रस्ता घरात आलाय."

(इथं दोन सेकंद थांबायचं. अजून लागतं ते वाक्य.)

सकाळी मी तणतणत गेले. इंजिनिअरसाहेब दुसऱ्या कामावर आले होते, त्यांना म्हटलं गटार कुठाय? त्यांनी फाइल उघडली, ठरावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, नावात गटार कुठाय?"

राग आला, पण माणूस खरं बोलत होता. अंदाजपत्रक करणारा तुमच्या गल्लीत राहत नाही. त्याच्या हातात टेप असतो आणि तुमची ओळ असते. ओळीत रस्ता, तर तो रस्ता मोजणार. पाणी कुठून येतं, कुणाच्या दारात साचतं, हे त्याला तुम्ही सांगितलं तर कळणार.

मग काम सुरू असताना तुम्ही का नाही बोललात, असं कमेंटमध्ये लिहायला हात उचलला असेल कुणीतरी. बोलले होते. ठेकेदार म्हणाला, ताई, अंदाजपत्रकात खोदाई नाही, गटार नाही, मी पदरचं करू का? तोही बरोबर! गंमत बघा, सगळे बरोबर आणि पाणी माझ्या घरात.

आता हीच गोष्ट पैशाच्या बाजूनं बघा. गटार त्याच नावात जोडून टाकायचं का? इथं लोक चुकतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पैसा ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरायचा, असा आला. बंधितातला अर्धा पिण्याच्या पाण्याला, अर्धा स्वच्छतेला. रस्ता बसतो अबंधितात. सांडपाण्याचं काम बसतं स्वच्छतेच्या बंधितात. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन कामांचे पैसे दोन खिशांतून येतात. म्हणून नावं दोन लिहायची, पण लागोपाठ लिहायची आणि गटार आधी. नाहीतर रस्ता या वर्षी होतो, गटार तीन वर्षांनी, आणि गटारासाठी तोच रस्ता कडेनं फोडतात. आयोग बदलला की टक्केही बदलू शकतात. खिसे वेगळे असतात, एवढं लक्षात ठेवा.

आणि पाइपलाइन! जलजीवन मिशनची नळाच्या पाण्याची पाइपलाइन येणार हे माहिती असताना महिनाभर आधी काँक्रीट ओतणारी गावं मी बघितलीत. मग कटर लावून रस्त्याची पट्टी कापायची, पाइप टाकायचा आणि वर मुरूम लोटायचा. नवीन लुगड्याला ठिगळ. जमिनीखालचं आधी, कडेचं नंतर, वरचं शेवटी. हे सांगायला इंजिनिअर लागतो का?

बरं, परत नावाकडं. तिसऱ्या बाजूनं बघू, ही मजेशीर आहे.

एका गावात... गावाचं नाव नाही सांगणार, खाली विचारू नका. एका वर्षीच्या यादीत काम होतं "मारुती मंदिर ते शाळा रस्ता काँक्रीट करणे". दोन वर्षांनी काम होतं "शाळा ते मारुती मंदिर रस्ता सुधारणा करणे". कळलं? जाताना एक रस्ता, येताना दुसरा! कागदावर दोन, पायाखाली एक. मी म्हणत नाही की तिथं काही खाल्लं गेलं. कदाचित खरंच दोन टप्पे असतील. पण नुसत्या नावावरून सांगता येत नाही, आणि आपली अडचण तीच आहे.

आणि खुणा तरी कसल्या देतात! "अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत." अमुक घर विकून पुण्याला गेले, तमुक वारले, घर भावकीत वाटलं गेलं. आमच्याकडं एका कामाची सुरुवात "चिंचेच्या झाडापासून" होती. झाड वादळात पडलं. आता मोजा कुठून मोजायचं ते!

म्हणून खूण हलणार नाही अशी घ्या: शाळेचं फाटक, पाण्याची टाकी, चावडी, ओढ्यावरची मोरी. घराचं नाव द्यायचंच असेल तर सोबत मिळकत क्रमांक द्या, नमुना नंबर ८ वर असतो. आणि रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर २३ ला आहे का ते आधी बघा. तिथं नोंदच नसेल तर पुढं "हा रस्ता आहे कुणाचा?" या एका प्रश्नावर फाइल अडते. त्या नोंदवहीसाठी भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना विचारायचं. हो, पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच.

लांबी का लिहायची म्हणाल, तर हा हिशेब बघा. (वही कॅमेऱ्यासमोर धरायची.) ८० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड. गुणा. ३६ घनमीटर काँक्रीट. जाडी १० सेंटिमीटर पडली तर २४. बारा घनमीटर गायब, आणि वरून दोन्ही रस्ते सारखेच गुळगुळीत दिसतात. ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, पाहिजे असेल तर २.८३ नं भागा. मागं मी २.३८ म्हणाले होते, आणि एका गवंडीकाकांनी मला चांगलंच झापलं. काका, चुकले.

आणि जाडी कडेला मोजू नका! कडेला फळी लावलेली असते, तिथं पंधरा भरणारच. जाडी कमी पडते ती मध्ये. ओतण्याआधी दोन फळ्यांवर आडवी दोरी ताणा आणि मधोमध पट्टी टाकून खालच्या खडीपर्यंत मोजा. एकदा काँक्रीट पडलं की मग नुसते वाद.

कुणी म्हणेल, आम्हाला कोण मोजू देतंय. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये माहिती मागण्यासोबत कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. अंदाजपत्रकाची आणि एम.बी.ची प्रत मागा, पण अर्जात कामाचं नाव यादीत आहे तसंच्या तसं लिहा. "आमच्या गल्लीचा रस्ता" असं लिहिलंत तर उत्तर येणार, "अशा नावाचे काम आढळून येत नाही." आलं होतं. मलाच. माजी सदस्याला!

"ताई, तुम्ही कोणत्या पार्टीच्या?" हा प्रश्न यावेळीही येणार. ज्या पार्टीच्या दारात पाणी साचतं त्या.

आमच्या गल्लीचं पुढं काय झालं ते सांगते आणि थांबते. दुसऱ्या वेळी मी ओळ घरूनच लिहून नेली. भाऊसाहेब म्हणाले एवढं लांब नाव रकान्यात मावणार नाही, मी म्हटलं बारीक अक्षरात लिहा. वाचते, लिहून घ्या:

"पाण्याच्या टाकीपासून ओढ्यावरील मोरीपर्यंत, लांबी ८० मीटर, रस्त्याच्या उत्तर बाजूस बंदिस्त गटार बांधणे, ओढ्याच्या दिशेने उतार ठेवून."

शेवटचे चार शब्द सासूबाईंचे. मी उतार विसरले होते.